सहावी खोबण

त्या दिवशी कामावर मी सगळ्यात आधी पोचलो. ऑगस्टचा महिना, सहा वाजताच ऊन मानेला चावायला लागलेलं. टेकडीवर आमच्या खोदकामाचे चर आखलेले होते. मधोमध जमिनीतून निघालेल्या जुन्या इमारतीचा चौक, आणि चौकाच्या ईशान्य कोपऱ्यात, जिथे पाच वर्षं मातीचा ढीग होता, तिथे आता मोकळी जमीन. ढीग हलवून आठवडा झाला होता. मी तिथे जाऊन उभा राहिलो. पायाखाली काय आहे ते गावात फक्त मला माहीत होतं.

पायाखाली माझा मेहुणा होता. नेदो. माझ्या धाकट्या बहिणीचा, आर्जियाचा नवरा.

मी फोस्को, रोक्कालूंगा गावचा. त्या वर्षी, म्हणजे सदुसष्ट साली, मी या खोदकामावर मुकादम होतो. पण त्याआधी मी आणि नेदो याच टेकड्यांमधून चोरून माल काढायचो. रोमच्याही आधीच्या एत्रुस्कन लोकांच्या थडग्यांतली भांडी, त्यांच्या घरांच्या छपरावरची मातीची डोकी, जे मिळेल ते. आमच्या गावात निम्म्या घरांतल्या पुरुषांनी हे केलेलं आहे, त्याची कुणाला लाज नव्हती. भीती फक्त पोलिसांची. मी एकदा पकडला गेलो होतो, दुसऱ्यांदा सापडलो असतो तर सरळ तुरुंग.

दाट धुकं पडलं की आम्ही निघायचो. धुक्यात भरदिवसा खणता येतं, वनरक्षक दहा पावलांवरून गेला तरी त्याला काही दिसत नाही. अठ्ठावन्न सालच्या डिसेंबरात असाच एक दिवस होता. नेदोने लांब लोखंडी सळई जमिनीत खुपसली आणि ती एकदम मुठीपर्यंत आत गेली. खाली पोकळी! आम्ही वरची माती काढली तर विहिरीचं तोंड. अरुंद, मऊ खडकात कोरलेली, खोल. मी दोर झाडाला बांधला, नेदो दिवा घेऊन उतरला. त्याने खालून एक डोकं वर पाठवलं, बाईचं, वेणी घातलेलं. "अजून आहेत!" म्हणाला. त्यानंतर विहिरीच्या एका अंगाची माती घसरली. आवाज फार मोठा नव्हता. पोतं जमिनीवर टाकावं तेवढाच.

दिवा विझला. मी हाका मारल्या. दोर ओढला, तो खाली मातीत पक्का अडकला होता. मी तासभर तिथे होतो. खालून काही आवाज आला नाही. मी ठरवलं, माणूस मेला. आणि मेलेल्या माणसासाठी तुरुंगात कशाला जायचं? मी दोर वरून सुरीने कापला आणि आत टाकून दिला, कारण लोंबता दोर कुणाला दिसला असता. तोंडावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर माती, मातीवर काटक्या. आणि घरी आलो.

आर्जियाला मी सांगितलं, नेदो बेल्जियमला गेला, कोळशाच्या खाणीत. तेव्हा आमच्याकडचे पुष्कळ जण जात होते. मी स्वतः त्याला ग्रोसेतोच्या स्टेशनावर सोडलं म्हणालो. तिला न सांगता का गेला, विचारलं तर म्हणालो, तू रडशील म्हणून. पुढचं गावाने आपणच रचलं. दोन वर्षांनी कुणीतरी सुटीवर आला आणि म्हणाला, नेदोसारखा एकजण पाहिला, बरोबर बाई होती. झालं. त्या दिवसापासून माझी बहीण टाकलेली बायको झाली.

ती माझ्याच घरी येऊन राहिली. मी एकटा होतो, तीच स्वयंपाक करायची. पीठ मळताना नेदोला शिव्या द्यायची, रोज, न चुकता. मी ते ऐकत जेवायचो. एकदा गिरणीवाल्या इलारिओने तिला मागणी घातली. चांगला माणूस, बायको वारलेली. आर्जिया पाद्रीबाबांकडे गेली. ते म्हणाले, नवरा जिवंत असताना कसं लग्न लावू? इलारिओने वर्षभर वाट पाहिली आणि मग शेजारच्या गावातली बाई केली. मी एक वाक्य बोललो असतो तर ती सुटली असती. ते वाक्य मी बोललो नाही.

मग नांगराला कौलं लागली आणि सरकारी खोदकाम सुरू झालं. बाकीचे रोजगार मिळाला म्हणून गेले. मी गेलो तो त्या कोपऱ्यावर नजर ठेवायला. पहिल्याच हंगामात मी सुचवलं, मातीचा ढीग तिथे टाकू, तिथे नुसता खडक आहे. डॉक्टरबाई हो म्हणाल्या.

डॉक्टरबाई म्हणजे ओत्ताविया सेर्निनी, फ्लोरेन्सच्या. रोग्यांच्या डॉक्टर नव्हेत, दगडामातीच्या. पस्तिशीच्या असतील, उन्हाने भाजून आमच्यासारख्याच काळ्या झालेल्या. त्यांनी मला माती वाचायला शिकवली. कुठली माती पायदळी तुडवलेली, कुठली आगीत भाजलेली, कुठली वाऱ्याने आणलेली. "वरचं ते नंतरचं, खालचं ते आधीचं, फोस्को. एवढं डोक्यात ठेवा, बाकी सगळं आपोआप येतं." मला ते आलं. थापी कशी धरायची हे विद्यार्थ्यांना त्या माझ्याकडे पाठवून शिकवायच्या.

त्या वर्षी त्यांना चौकाचा चौथा कोपरा हवाच होता. मी खडकाचं पुन्हा सांगून पाहिलं. "मग खडक बघू," त्या म्हणाल्या.

सात वाजता सगळे आले. ओरेस्तेने टिकाव खाली ठेवला आणि माझ्या उतरलेल्या तोंडाकडे बघितलं. ओरेस्ते म्हणजे आमच्यातला तोंडाळ माणूस, पण हात सोन्याचे.

"मुकादम, एरंडेल पाजलं की काय कुणी? तो जमाना गेला बरं का आता."

"काम कर," मी म्हणालो.

"करतो बाबा. काळ्या शर्टवाल्या फॅसिस्टांची आठवण आली, धरून एरंडेल पाजायचे ना ते, इतकंच."

आर्जिया पलीकडे, ओकच्या सावलीत बसली होती. दोन वर्षांपासून ती खापरं धुवायच्या कामावर होती. समोर पाण्याची बादली, बाजूला वाळत घातलेली खापरं. ओरेस्तेच्या बोलण्यावर तीही हसली.

गुडघाभर खणलं आणि फळी लागली. कुजलेली, पण फळीच. मी ओळखली. डॉक्टरबाई खाली वाकल्या, एक खिळा बोटांनी सोडवून घेतला आणि त्यांचा चेहरा पडला.

"कारखान्यातला खिळा. आपल्या आधी कुणीतरी येऊन गेलंय."

"चोर," ओरेस्ते म्हणाला आणि माझ्याकडे न बघण्याची काळजी घेतली. सगळ्यांना माझा जुना उद्योग माहीत होता. डॉक्टरबाईंनाही होता, त्यांनी कधी तोंडातून काढला नव्हता.

फळ्या उचलल्या. खालून गार वास आला. डॉक्टरबाईंनी दोरीला मेणबत्ती बांधून आत सोडली. ती जळत राहिली, म्हणजे हवा होती. पण उजेड तळापर्यंत नीट पोचेना. कुणीतरी उतरायला हवं होतं. ओरेस्तेने दोन वासे रोवून वर रहाट बसवला.

"मी जातो," मी म्हणालो.

मला वाटलं होतं, आपणच आधी उतरावं. नेदो घसरलेल्या मातीखाली असेल, वरून काही दिसणार नाही. मी चार घमेली माती काढतो, वर येऊन सांगतो, खाली नुसता चिखल आहे, भिंती धोक्याच्या आहेत, बंद करा. डॉक्टरबाईंचा माझ्यावर विश्वास होता. हे सगळं मी कंबरेला दोर बांधता बांधता ठरवलं.

विहिरीची रुंदी हात पसरण्याइतकीही नव्हती. मी दिवा खाली धरून उतरत होतो आणि भिंत डोळ्यांसमोरून वर सरकत होती. निम्म्याच्या खाली आलो तेव्हा भिंतीत एक खोबण दिसली. तळहाताएवढी. मला वाटलं, जुनी असेल. विहीर साफ करणाऱ्यांसाठी असल्या खोबणी कोरलेल्या असतात. पण तिच्या कडा ताज्या होत्या, पांढऱ्या, आणि ती पुरती कोरलेली नव्हती. नुसती सुरुवात केलेली. तिच्या खाली दुसरी, ती पूर्ण. तिच्या खाली तिसरी.

मी खाली पाय टेकला. नेदो मातीखाली नव्हता.

तो मातीवर होता. घसरलेल्या मातीवर, भिंतीला टेकून कुशीवर पडलेला. चामड्याचा कोट तसाच होता, आत हाडं. उजव्या पायाची नळी मोडलेली. उजव्या पंजाच्या हाडांपाशी सुरी, तिचं पातं झिजून अंगठ्याएवढं राहिलेलं. शेजारी दोर, गुंडाळी करून नीट ठेवलेला. एक टोक मातीत गेलेलं, दुसरं टोक वर. ते टोक मी उचलून बघितलं. तुटलेलं नव्हतं, कापलेलं होतं. माझ्याच सुरीने.

वरचं ते नंतरचं. माती आधी पडली, नेदो नंतर मेला. मी वाकून हाका मारत होतो तेव्हा तो बेशुद्ध असणार. मग शुद्धीवर आला असेल, मातीतून स्वतःला उपसून काढलं असेल. वर अंधार, कारण तोंडावर मी फळ्या टाकलेल्या. दोर मातीत पक्का रुतलेला होता. मी तो वर झाडाला तसाच बांधलेला ठेवला असता, तर मोडक्या पायाने का होईना, हातांच्या जोरावर नेदो वर आला असता. तो गडी ऑलिव्हच्या झाडावर एका हाताने चढायचा. दोर नव्हता म्हणून त्याने खोबणी कोरायला घेतल्या. पाच पूर्ण केल्या, सहावी धरली.

नऊ वर्षं मी स्वतःला सांगत होतो की तो एका क्षणात गेला. त्यावर मी झोपत होतो.

"फोस्को!" वरून डॉक्टरबाईंचा आवाज आला. "काय दिसतंय?"

"थांबा जरा," मी म्हणालो.

तो खडक मऊ असतो, नुसत्या थापीने निघतो. पाच-सहा फटक्यांत खोबणी खरवडून भिंत सारखी करता आली असती, निदान कुणी कोरलं ते कळणार नाही इतकी. सुरी खिशात घालता आली असती. हाडांवर दोन घमेली माती ओढली की तो मातीखाली मेलेला माणूस झाला असता. मी थापी उचलली आणि सगळ्यात खालची खोबण खरवडली. ती मी पुसली. हे मी नंतर सगळ्यांना सांगितलं आहे, इथेही सांगतो.

दुसरीला थापी लावली तेवढ्यात आर्जियाची हाक आली. ती विहिरीच्या काठाशी आली असावी.

"अरे फोस्को, किती वेळ? कांदा चिरून ठेवलाय, ओरेस्ते सगळं चीज संपवतोय बघ. वर ये आता."

नेहमीचा आवाज. रोज दुपारी मला बोलावायची तसाच. मी थापी खाली ठेवली.

"आर्जिया," मी म्हणालो, "इथे नेदो आहे."

ती काठावर आणखी वाकली, दोन खडे माझ्या खांद्यावर पडले.

"कोण नेदो?" ती म्हणाली.

"आपला नेदो."

"काहीतरीच काय बोलतोस? नेदो बेल्जियममध्ये आहे." मग तिचा आवाज बदलला. "ओरेस्ते, वर काढ रे त्याला. त्याला खालची हवा लागलीय."

त्यांनी मला वर काढलं. मी काठावर बसलो आणि सगळं सांगितलं. धुकं, दोर, फळ्या, ग्रोसेतोचं स्टेशन. सांगायला फार वेळ लागला नाही. ओरेस्ते रहाटाचा दांडा धरून उभा होता, तो त्याने सोडला नाही. आर्जिया माझ्यासमोर उभी, हात ओले, त्यांना खापरांचा चिखल. तिने मला मारावं असं मला वाटत होतं. तिने मारलं नाही.

डॉक्टरबाई कंबरेला दोर बांधून खाली गेल्या. तासभर खाली होत्या. वर आल्या तेव्हा वहीत सगळं मांडलेलं होतं, माप घेऊन, रोज घेतात तसंच. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सर्वांत खालची खोबण कुणी खरवडली?"

"मी."

"पाच वर्षं माझ्याबरोबर काम केलंत तुम्ही." एवढंच बोलून त्या थांबल्या. मला कुणी काही म्हणालं नव्हतं तोवर, पण त्या वाक्याने मी मान खाली घातली.

आर्जिया पुढे झाली. "बाई, खोबणी कसल्या?"

डॉक्टरबाईंनी वही मिटली. "ते सगळं नंतर बोलू. आधी तुम्ही सावलीत बसा."

"मी खापरं धुते तुमची. तुम्ही खापरांना विचारता ते सगळं मी ऐकते. मला सांगा, कसल्या खोबणी?"

मग त्यांनी सांगितलं. पोलिसांसमोर सांगावं तसं, सुटं सुटं. पायाचं हाड मोडलं होतं. तो मातीखाली मेलेला नाही. त्याने सुरीने वर यायच्या पायऱ्या कोरल्या.

"किती वेळ लागला असेल?"

"सांगता येत नाही."

"तुम्हाला येतं. हजारो वर्षांचं सांगता तुम्ही."

डॉक्टरबाईंनी वही पुन्हा उघडून मापं बघितली. "दोन दिवस," त्या म्हणाल्या. "कदाचित तीन."

आर्जियाने बोटांवर मोजलं. मोजताना तिचे ओठ हलत होते. "तो बुधवारी गेला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. आपण ऑलिव्ह उतरवत होतो, फोस्को. खालच्या उतारावर, तो बघ, तिथे. धुकं गेलं होतं. तू माझ्या शेजारच्या झाडावर होतास."

"हो."

"मी रडत होते म्हणून तू गाणं म्हटलंस."

मला ते आठवत नव्हतं. तिने सांगितलं आणि आठवलं.

"त्याला ते ऐकू गेलं असेल?" हे तिने डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली, पण फार घाईने हलवली.

आर्जिया पुन्हा माझ्याकडे वळली. "तू हाका मारल्यास म्हणालास. काय म्हणून मारल्यास?"

"म्हणजे?"

"नाव घेऊन मारल्यास का? मोठ्याने?"

त्या क्षणी खोटं बोलता आलं असतं, आणि ते कदाचित तिच्या भल्याचं खोटं झालं असतं. पण मला आता माझ्या भल्याचं खोटं कुठलं आणि तिच्या भल्याचं कुठलं, हे कळेनासं झालं होतं.

"नाही," मी म्हणालो. "हळू मारल्या. वनरक्षक जवळपास असेल म्हणून. नुसतं 'ए, ए' म्हणत होतो."

ओरेस्तेने तोंड फिरवलं. आर्जियाने हात फडक्याला पुसले, एकेक बोट नीट पुसलं. मग म्हणाली, "मला खाली जायचंय."

सगळ्यांनी नको म्हटलं. डॉक्टरबाईंनीही. ती ऐकेना. शेवटी डॉक्टरबाईंनी स्वतः तिच्या कंबरेला आणि मांड्यांना दोर बांधला, दोनदा ओढून पाहिला. मी नकळत उठून रहाटापाशी गेलो. पाच वर्षं कुणीही खाली उतरताना दोर मीच धरायचो, ती सवयच होती.

"तू नको," आर्जिया म्हणाली. "दोर तू नको धरूस."

मी मागे झालो. ओरेस्ते आणि आणखी दोघांनी तिला हळूहळू खाली सोडलं. खालून काही आवाज आला नाही. मला वाटलं होतं रडणं येईल. आम्ही सगळे उन्हात उभे. तिची खापरं ओकखाली वाळत होती आणि त्यांच्यावर मुंग्या चढल्या होत्या. खूप वेळाने दोर हलला.

ती वर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पांढरी भुकटी होती. "सहावी हाताला लागली," ती डॉक्टरबाईंना म्हणाली. "बोटाची दोन पेरं जातात फक्त." मग तिने कंबरेचा दोर सोडवला, चपला घातल्या आणि टेकडी उतरून गावाकडे गेली. डॉक्टरबाई तिच्या मागे गेल्या.

ओरेस्तेने उरलेलं चीज कागदात गुंडाळलं. कुणी जेवलं नाही. दुपारी चारच्या सुमाराला गावचा फौजदार आला, चढ चढून घामाघूम झालेला. तो मला लहानपणापासून ओळखत होता, एकदा त्यानेच मला पकडलं होतं.

"फोस्को," तो म्हणाला, "तेव्हाच आला असतास माझ्याकडे तर?"

"तुम्ही मला तुरुंगात टाकलं असतंत."

"टाकलं असतं," तो म्हणाला. "सहा महिने."

मला तीन वर्षांची शिक्षा झाली. वकील म्हणत होता अपील करू, मी नको म्हटलं. नेदोला सप्टेंबरात पुरलं, मी तेव्हा आत होतो. ओरेस्ते एकदा भेटायला आला, त्याने सांगितलं, सगळा गाव आला होता, आणि ज्यांनी नेदोला बेल्जियमची बाई जोडून दिली होती ते सगळ्यात पुढे होते. आर्जियाने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिने विधवेचे काळे कपडे घातले. नऊ वर्षं तिला ते घालता आले नव्हते.

डॉक्टरबाईंनी तिला शहरात नेलं, त्यांच्या कोठारात खापरं जोडायच्या कामावर. अजून तिथेच आहे. मी तुरुंगातून तिला चार पत्रं लिहिली. ती परत आली नाहीत, म्हणजे तिला मिळाली. उत्तर आलं नाही.

सुटून आलो तेव्हा घराची किल्ली ओरेस्तेकडे होती. आत तिचं काही उरलं नव्हतं. खोदकामावर मला कुणी घेणार नव्हतं, मी विचारलंही नाही. आता वीटभट्टीवर असतो, नदीपलीकडे. तिथे कुणी फार बोलत नाही.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, आर्जिया शहरातून बसने येते आणि नेदोच्या थडग्यावर फुलं ठेवते. ओरेस्तेची बायको तिला जेवायला थांबवून घेते. ती आलेली असते त्या दिवशी मी गावात पाऊल ठेवत नाही. तीन तारखेला जातो. फुलं तोवर ताजीच असतात.